माणसाच्या कामी आलेले घोडे – लेखांक ७ : कासेपर्यंत पोचणारा हात

गेल्या आठवड्यात आपण सर्पदंशावरच्या औषधासाठी रक्तद्रव देणाऱ्या घोड्यांविषयी वाचलं. आजच्या लेखांकातल्या घोड्याही औषधाच्याच कामी आल्या. फक्त त्यांच्याकडून रक्त नाही, मूत्र घेतलं गेलं आणि तेही त्या गाभण असताना.

रजोनिवृत्तीच्या त्रासावरचं प्रेमारिन हे औषध अमेरिकेत १९४२ साली आलं. त्यातली इस्ट्रोजेन संप्रेरकं गाभण घोडीच्या मूत्रातून काढतात. घोडी सुमारे ३४० दिवस गाभण असते आणि तिसरा-चौथा महिना उलटला की ही संप्रेरकं मूत्रात भरपूर उतरू लागतात. कॅनडातल्या मॅनिटोबा आणि सस्कॅचवान प्रांतांत आणि सीमेपलीकडच्या नॉर्थ डकोटात शेकडो शेतकऱ्यांनी हा धंदा केला. हिवाळ्याच्या तोंडावर घोड्या आत घ्यायच्या, एकेकीला अरुंद ठाणात बांधायचं, मागे पट्ट्यांनी रबरी पिशवी अडकवायची आणि वसंत येईपर्यंत तसंच ठेवायचं. ठाणात घोडीला मागे वळायलाही जागा नसे. व्याली की ती कुरणावर वळू घोड्याबरोबर मोकळी आणि हिवाळ्यात पुन्हा आत. धंदा मूत्राचा असल्यामुळे शिंगरू म्हणजे दरवर्षी पदरात पडणारा नको असलेला माल. काही विकली जात, पुष्कळशी मांसासाठी जात. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, असं आपल्याकडे म्हणतात. तिथल्या कित्येक शिंगरांच्या वाट्याला आईमागचा हेलपाटाही धड आला नाही.

जुलै २००२मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातला एक भाग मध्येच थांबवावा लागला. १६,६०८ स्त्रियांच्या त्या पाहणीत प्रेमारिनमधली इस्ट्रोजेन आणि दुसरं एक संप्रेरक अशी जोडगोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनांचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. वयानुसार हा धोका कमीजास्त असतो, हे पुढच्या विश्लेषणांत स्पष्ट झालं. पण औषधाचा खप तोवर कोसळला होता, शेतकऱ्यांचे करार रद्द होऊ लागले होते आणि हजारो घोड्या एकदम नकोशा झाल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच गाभण. प्राणिमित्रांनी लिलावातून, कुरणांवरून जमेल तितक्या सोडवल्या.

ट्रकमधून उतरणाऱ्या या घोड्या डोळ्यांसमोर आणा. अनेकींच्या अंगात बेल्जियन किंवा पर्शरॉन या ओझ्याच्या जातींचं रक्त, वजन ७०० किलोच्या आसपास. माणूस दोनच प्रसंगी जवळ येतो हे त्यांना पक्कं ठाऊक: ठाणात घालायला आणि पिशवी अडकवायला. कित्येकींना खरारा माहीत नाही, साधी मोरखी माहीत नाही. सोडवलेल्या घोडीच्या गळ्यात पडून अश्रू ढाळणाऱ्या माणसांचे व्हिडिओ हल्ली फार फिरतात. मला ते पाहताना घोडीचे कान कुठे आहेत तेवढंच दिसतं आणि बहुधा ते मागे पडलेले असतात.

गाभण घोडीचा विश्वास हा मायेचा भाग नंतर, आधी दवाखान्याचा भाग आहे. ती व्याल्यावर पहिल्या तीन तासांत माणसाचा हात तिच्यापर्यंत आणि शिंगरापर्यंत पोचावा लागू शकतो. त्या रात्री ती दुगाण्या झाडणार असेल तर पशुवैद्य दारात उभा असूनही उपयोग नाही. म्हणून जाणती माणसं त्या रात्रीपासून उलटं मोजत कामाला लागतात.

पहिलं काम मात्र हात न लावण्याचं. नवी घोडी काही आठवडे इतरांपासून वेगळी ठेवायची, कारण घोड्यांमधल्या हर्पिस विषाणूमुळे गाभडण्याची साथ पसरते. तोंडातोंडानं, श्वासातून तो एकीकडून दुसरीकडे जातो. त्याची लस गाभणपणाच्या पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतात. आपल्याकडे वरातीतली किंवा वीटभट्टीवरची घोडी सोडवली तर ग्लँडर्सची रक्ततपासणी त्याआधी. तो रोग माणसालाही होतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते.

मग चंदी. हाडं दिसणारी गाभण घोडी पाहिली की हात आपसूक धान्याच्या पोत्याकडे जातो, आणि तिथंच घात होतो. उपाशी शरीरात एकदम पिष्ट गेलं की रक्तातलं फॉस्फरस झपाट्यानं घसरतं आणि वाचवलेलं जनावर चार-पाच दिवसांत दगावू शकतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी यावर लसूणघास सुचवला: सुका, थोडा थोडा, दर चार तासांनी. त्यात पिष्ट कमी, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम जास्त. गर्भाची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते, त्यामुळे खुराक वाढवायचाच असतो, पण पायरीपायरीनं. या दर चार तासांच्या फेऱ्यांचा आणखी एक फायदा होतो. माणूस येतो, घास ठेवतो, काहीही न मागता निघून जातो. ठाणात वाढलेल्या घोडीनं असा माणूस पाहिलेलाच नसतो.

घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण नाकाच्या अगदी समोरचा आणि शेपटीमागचा पट्टा त्याला आंधळा. सरळ तोंडाकडे हात नेणारा माणूस म्हणूनच त्याला आवडत नाही. खांद्याच्या बाजूनं, तिरकं जायचं. तिनं कान आपल्याकडे वळवला की थांबायचं आणि एक पाऊल मागे घ्यायचं. हे मागे जाणं सगळ्यात अवघड. आपल्याला वाटतं जिंकलेली जागा सोडली, पण आपण नुसतं पाहिलं तरी माणूस दूर होतो हेच तर तिला कळायला हवं असतं. पहिला स्पर्श मानेच्या मुळाशी, आयाळ संपते त्या उंचवट्यावर. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात. १९९३ साली क्लोडिया फे आणि जे. द माझिएर यांनी फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांवर मोजून दाखवलं की तिथं खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात. थोपटणं मात्र सोडून द्यावं. थोपटल्यानं आपल्याला बरं वाटतं, घोड्याला ते चापटीसारखंच.

तिथून हात हळूहळू पाठीवर, बरगड्यांवर, पोटाखाली. मुक्काम कासेचा. घोडीला दोनच सड, आणि त्यांच्या मधल्या घडीत काळपट, चिकट मळ साचतो. तो खाजतो म्हणून कित्येकदा घोडी शेपटी खांबाला घासत बसते. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं तिथं पहिल्यांदा लागतं तेव्हा मागचा पाय उचलला जातो. तेव्हा पळून जायचं नाही आणि दामटायचंही नाही. फडकं तिथंच टेकवून ठेवायचं, पाय खाली आला की काढून घ्यायचं. काही दिवसांनी तीच घोडी पाय फाकवून उभी राहते आणि वरचा ओठ लांब करून हवेत हलवते. एवढं झालं की पशुवैद्य निर्धास्त होतो.

कारण घोडीच्या वारेतून गर्भाला रोगप्रतिकारक द्रव्यं जवळपास मिळतच नाहीत. शिंगरू कोरं जन्मतं आणि त्याचं सगळं संरक्षण चिकातून येतं. तो चीक शोषण्याची आतड्यांची ताकद पहिल्या दिवसातच संपते. शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यावं, वार तीन तासांत पडावी, हा जगभरातल्या पागांचा आडाखा आहे. उभं राहिलं नाही तर चीक पिळून बाटलीनं पाजावा लागतो, आणि ज्या कासेला कधी हात लागला नाही ती त्या रात्री पिळू देणार नाही. वार अडकली तर ओढायची नाही. गाठ मारून वर बांधायची, म्हणजे पायाखाली येत नाही, आणि पशुवैद्याला बोलवायचं. विताना पांढुरक्या पिशवीऐवजी लाल मखमली पिशवी आधी दिसली तर मात्र वाट पाहू नये. ती वारच सुटलेली असते आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो. पिशवी तिथल्या तिथे फाडायची.

आता शिंगराचं. रॉबर्ट मिलर या अमेरिकन पशुवैद्यानं १९९१च्या पुस्तकातून जन्मल्या जन्मल्या शिंगराला धरून सगळीकडे हात फिरवण्याची पद्धत लोकप्रिय केली. फ्रान्सच्या रेन विद्यापीठातल्या मार्टिन हाउसबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली वेगळाच रस्ता दाखवला. त्यांनी शिंगराला हात लावलाच नाही. पहिले ५ दिवस रोज १५ मिनिटं फक्त आईला खरारा केला, हातानं खाऊ घातलं. शिंगरू शेजारी उभं राहून बघत होतं. अशी शिंगरं पुढे माणसाला कमी बुजली, आपणहून जवळ आली, आणि हा फरक कित्येक महिने टिकला. माझं मत या बाजूचं आहे. शिंगरू आईच्या अंगावरून माणूस वाचतं. आई ताठली की तेही तिच्या आड जातं.

व्याल्यानंतर आठवड्या-दहा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. धंद्याचं सगळं गणित याच दिवसांवर चालत असे: शिंगरू पायाशी असतानाच पुढचा गर्भ. सोडवलेल्या घोड्यांच्या पागेत म्हणून वळू ठेवत नाहीत आणि नर शिंगरं वेळेत खच्ची करून घेतात. ते केव्हा आणि कसं करतात, आणि आईपासून तोडताना दोघांचे हाल कसे टाळतात, हे पुढच्या लेखांकात.