सैल पडायला लागणारा वेळ

1918 साली हर्मान झोंडेक या जर्मन डॉक्टरांनी थायरॉइड पार मंदावलेल्या रुग्णांच्या हृदयाचं वर्णन लिहिलं. फुगलेलं, संथ, आळसावलेलं हृदय आणि ईसीजीवर जेमतेम उठणाऱ्या लाटा. थायरॉइडचा अर्क सुरू केल्यावर तेच हृदय आकसून पूर्ववत झालं. तेव्हा रोग डोळ्यांना दिसत असे. सुजलेला चेहरा आणि घोगरा आवाजच तो सांगून जाई.

1960 च्या दशकात टीएसएच हे थायरॉइडला हाक मारणारं संप्रेरक रक्तातून मोजता येऊ लागलं आणि चित्र बदललं. थायरॉक्सिन प्रमाणात, पण मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जरा जास्तच हाका मारते आहे, अशी माणसं सापडू लागली. चालती-फिरती, बहुतेकदा कसलीच तक्रार नसलेली. यांना रुग्ण म्हणायचं का?

हृदयाने याचं उत्तर दिलं, पण फार हळू आवाजात. हृदयाच्या पेशीत कॅल्शियम सुटलं की स्नायू आकुंचन पावतो आणि ते परत कोठारात ओढलं गेलं की सैलावतो. हे ओढून घेणारे पंप घडवण्याचा हुकूम टी-3 हे थायरॉइडचं संप्रेरक देतं. तो जरा ढिला पडला, तरी आकुंचन चांगलं राहतं. डावी जवनिका सैल पडायला मात्र वेळ लावते. विसाव्या शतकाच्या अखेरीस इकोवर हाच उशीर मोजला गेला. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की बिघाड आधी हृदयाच्या विश्रांतीत दिसतो. धाप लागते ती जिना चढताना, आणि आपण ती वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

मग मोठे आकडे आले. 2010 मध्ये 55 हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. टीएसएच 10 च्या वर असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका स्पष्टपणे वाढलेला होता, 7 च्या खाली तसा नव्हता. दोन वर्षांनी हृदय निकामी होण्याबाबतही 10 च्या पुढेच धोका ठळक दिसला.

तोवर 5-6 आकड्यावरही सकाळच्या उपाशीपोटीच्या थायरॉक्सिनच्या गोळ्या सर्रास सुरू झाल्या होत्या. ही घाई मला कधीच पटली नाही. डोस जास्त झाला तर म्हाताऱ्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडंही ठिसूळ होतात. 2017 मध्ये युरोपातल्या 65 वर्षांवरच्या 737 जणांच्या चाचणीत गोळीने थकवा हटला नाही. त्यांपैकी 185 जणांच्या इकोत आकुंचन सुधारलं नव्हतं, सैलावणंही नाही. पण या लोकांचं सरासरी वय सत्तरीपुढचं आणि बहुतेकांचं टीएसएच 10 च्या आतलं. चाळिशीतली, 12 टीएसएचची, जिन्यात थांबणारी बाई त्या चाचणीत नव्हतीच. तिला गोळी द्यायची की नाही, हे आजही दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून, तिच्याशी बोलून ठरवावं लागतं.