घरीं बसलेला बाप

संकेतस्थळें तयार करण्याचा स्वतंत्र व्यवसाय करणारा नवा बाप दिवसभर घरींच दिसतो. त्यास सवड पुष्कळ, असें वडील मंडळींस वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. केंद्र सरकारच्या नोकरास पहिल्या दोन अपत्यांच्या वेळीं १५ दिवसांची पितृत्व-रजा मिळते. ह्या गृहस्थास रजा देणार कोण? गिऱ्हाइकाचें संकेतस्थळ मध्यरात्रीं बंद पडलें, तरी उठावयाचें त्यानेंच. तान्हें मूल दोन-तीन तासांनीं दुधासाठीं जागें होतें. पाजून झाल्यावर बापानें घेतलें, तरच बाळंतिणीचा डोळा लागतो. आणि आज्ञावलींतील चूक शोधण्यास तर सलग शांतता हवी! म्हणून सकाळचे दोन तास आजोबांनीं नातवंड सांभाळावें (आजीबाईंवर आधींच भार पुष्कळ असतो), आणि तेवढ्या वेळांत बापास भाजी आणावयास धाडूं नये.