आर्मेनियनांची मांती

खिमा भरून मिटलेले कणकेचे पदार्थ जगांत पुष्कळ आहेत. कोरियांत मांडू, अफगाणिस्तानांत मंतू, उझबेकिस्तानांत आणि तुर्कस्तानांत मांती, अशी त्यांची पूर्वेकडून पश्चिमेकडे एक ओळच लागते. ते एका कुळांतले आहेत हें नांवांवरूनहि ध्यानांत यावें. या कुळांतील आर्मेनियन मांती आकारानें लहान आणि कष्टानें मोठी आहे. ती एकट्या माणसाच्या हातून सहसा नीट होत नाहीं. असें कां व्हावें, हें आज श्रोत्यांना सांगावयाचें आहे, आणि ओघानें कृतीहि सांगावयाची आहे.

प्रथम थोडा खुलासा. आर्मेनियन म्हटले कीं मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें कोटांतील आर्मेनियन चर्च उभें राहील. त्याची स्थापना १७९६ सालची. हिंदुस्थानांत व्यापारासाठीं आलेले आर्मेनियन बहुतेक इराणांतील इस्फहानजवळच्या जुल्फा वस्तींतले. त्यांचें स्वयंपाकघर इराणी वळणाचें. आजची मांती त्यांची नव्हे. कैसेरी, सिवास, मराश, ऐंताब हीं जीं शहरें आज तुर्कस्तानांत मोडतात, तेथल्या आर्मेनियन घरांची ती आहे. खुद्द येरेवानांत नुसती मांती मागितली तर कदाचित् मुठीएवढी, वाफवलेली, मध्य आशियाई मांती पुढें येईल. आपली मांती अंगठ्याच्या पेराएवढ्या उघड्या होडीसारखी असते. सिनी नांवाच्या मोठ्या वाटोळ्या ताटांत ती भाजतात, म्हणून तिला सिनी मांती असेंहि म्हणतात.

चार माणसांपुरतें प्रमाण असें. पाव किलो मैदा, एक अंडें, अर्धा चहाचा चमचा मीठ, आणि लागेल तसें, साधारण अर्धी वाटी पाणी. करंजीच्या कणकेहून थोडें घट्टच मळावें आणि ओल्या फडक्याखालीं अर्धा तास ठेवावें. हा अर्धा तास वाचवूं नये. मळतांना ताणलेली कणीक विसावली नाहीं तर लाटतांना ती रबरासारखी मागें येते आणि पारी जाड राहते. जाड पारीची मांती म्हणजे खिमा घातलेलें बिस्किट.

सारणाला पाव किलो खिमा. तेथें तो बहुधा मेंढीचा असतो; आपल्याकडे बकऱ्याचा चालेल, मात्र यंत्रांतून दोनदां काढलेला असावा. एक कांदा अगदीं बारीक चिरून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यावा. त्याचें पाणी राहिलें तर पारीचा तळ भिजतो. मूठभर पार्सली, काळी मिरी, फार तिखट नसलेली तांबड्या मिरचीची भरड आणि मीठ. पार्सलीऐवजीं कोथिंबीर घालण्याचा मोह होईल. पदार्थ चांगला होईल, पण निराळा होईल. खिमा कच्चाच भरावयाचा. शिजवून घेतला तर मोकळा होऊन होडींतून सांडतो. कच्चा असला कीं भाजतांना पारीला धरून बसतो.

कणकेचे तीन गोळे करून एकेक गोळा पोळीहून पातळ, सुमारें दीड मिलिमीटर जाडीचा लाटावा व त्याचे एकेक इंचाचे चौकोन कापावे. प्रत्येकावर हरभऱ्याएवढें सारण ठेवून दोन समोरासमोरच्या बाजू उचलाव्या आणि दोन्ही टोकें चिमटावीं. मध्य उघडाच राहतो. झाली होडी. लोणी लावलेल्या ताटांत या होड्या तोंड वर करून, एकीला एक टेकवून, कडेपासून मध्यापर्यंत वर्तुळांत लावीत जावयाचें. वरील प्रमाणांत त्या तीनशेंच्या आसपास होतात.

अडचण येथें आहे. सरावलेला हात मिनिटाला सहा होड्या मिटतो असें धरलें तरी तीनशेंना पन्नास मिनिटें लागतात, आणि पातळ पारीचे चौकोन उघड्यावर दहा-पंधरा मिनिटांतच सुकूं लागतात. कडा सुकली कीं चिमटा धरीत नाहीं, आणि भाजतांना होडी उलगडते. पाण्याचें बोट लावून चिकटवीत बसलें तर हात बुळबुळीत होऊन काम आणखीच मंदावतें. पांच-सहा जणी बसल्या, एकीनें लाटलें, एकीनें कापून सारण ठेवलें आणि बाकीच्यांनीं मिटलें, तर पारी सुकण्यापूर्वींच ताटांत जाते. म्हणजे मांतीभोवतीं जो गोतावळा जमतो, तो कणकेनेंच मागितलेला आहे. गव्हले आणि नखुले करावयास बसलेल्या आपल्याकडील बायकांना यांत नवल वाटणार नाहीं. तेथेंहि मुलांना हाताशीं घेतात, आणि कोणाची होडी किती लहान यावर चढाओढ लागते. कैसेरीकडे तर एका चमच्यांत चाळीस मांती मावाव्या असें म्हणतात. तें आपण मनावर घेऊं नये. एकट्यानेंच करावयाची असेल तर एका वेळीं मुठीएवढी कणीक लाटावी, बाकीची फडक्याखालीं ठेवावी, आणि घड्याळाकडे पाहूं नये.

ज्या घरांत हे गोतावळे जमत, तीं घरें पुढें राहिलीं नाहींत. १९१५ सालीं ऑटोमन सरकारनें आनातोलियांतील आर्मेनियनांना घराबाहेर काढून सिरियाच्या वाळवंटाकडे हांकलें. त्या हद्दपारींत आणि कत्तलींत लाखों माणसें मेलीं. जगलेल्यांत बायका आणि पोरकीं मुलें पुष्कळ होतीं. तीं अलेप्पोला आणि बैरुतला, आणि त्यांपैकीं कित्येक पुढें फ्रान्सला व अमेरिकेला पोचलीं. बैरुतला लागून असलेल्या बुर्ज हम्मूदमध्यें त्यांनीं वसविलेल्या मोहल्ल्यांना नवें मराश, नवें सिस, नवें अदाना अशीं सुटलेल्या गांवांचींच नांवें आहेत. मैदा आणि खिमा नव्या ठिकाणींहि मिळाला. ताटाभोवतीं बसणाऱ्या आया, आत्या आणि जावा मिळाल्या नाहींत. चिमट्याचा जोर आणि पारीची जाडी सांगून कळत नाहीं, शेजारीं बसूनच हातांत येते. ज्या मुलीची आई वाटेंतच गेली तिला ही होडी कोणा परक्या घरीं शिकावी लागली असणार. एवढें असूनहि इतक्या घरांत हा पदार्थ टिकून राहिला, याचें मला राहून राहून नवल वाटतें. १९४६ ते १९४८ या काळांत परदेशांतील हजारों आर्मेनियन कुटुंबें सोव्हिएट आर्मेनियांत गेलीं. २०११ नंतर सिरियांत यादवी माजली, तेव्हां अलेप्पोचे पुष्कळ आर्मेनियन येरेवानला आले आणि त्यांनीं तेथें खाणावळी काढल्या. होडीची मांती आतां तेथेंहि मिळते.

आजचीं कुटुंबें लहान. अमेरिकेंतील आर्मेनियन वस्त्यांच्या दुकानांत मांती गोठविलेली विकत मिळते, आणि चर्चच्या जत्रेसाठीं बायका एकत्र जमून ती करतात. घरींहि हीच युक्ति योजावी. माणसें जमतील त्या दिवशीं दुप्पट करावी, ताटांत सुटी सुटी गोठवावी, मग पिशवींत भरावी, आणि लागेल तेव्हां न वितळवितां तशीच भाजावी.

आतां भाजण्याकडे वळूं. ओव्हन १९० अंश सेंटिग्रेडवर तापवून ताट चाळीसएक मिनिटें आंत ठेवावें, टोकें चांगलीं तांबूस होईपर्यंत. तोंड उघडें असल्यामुळें आंतली वाफ निघून जाते आणि होडी कुरकुरीत होते. मिटलेली पुडी अशी होणार नाहीं. मग मटणाचें किंवा कोंबडीचें उकळतें अळणी पाणी, चवीपुरतें मीठ घालून, होड्या अर्ध्या बुडतील इतकें ओतावें. कोणी त्यांत टोमॅटोचा रस घालतात. मला तो नसलेला बरा वाटतो. हें ओतणें माणसें पानावर बसल्यावरच करावयाचें. वर घुसळलेलें दहीं, त्यांत वाटलेला लसूण. दहीं तापवूं नये, फाटतें. शेवटीं सुमाक, म्हणजे एका आंबट तांबड्या फळाची पूड, भुरभुरावी. तें न मिळाल्यास आमचुरानें आंबटपणा येईल, रंग येणार नाहीं. तळच्या बाजूनें होडी भिजून मऊ झालेली असते आणि वरचीं टोकें अजून कुरकुरीत असतात, तीं पांच-सात मिनिटेंच. तेवढ्यांत खावयास बसावें.