शिडाच्या होडीला विजेची मोटर

शिडाच्या होडीला मोटर कशाला हवी, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. वारा फुकट असतो हे खरे. पण नेमका बंदराच्या तोंडाशी तो पडतो, नाहीतर समोरून येतो. म्हणून युरोप-अमेरिकेतील हौशी नाविकांच्या नऊ-दहा मीटर लांबीच्या होड्यांत बहुधा एक लहान डिझेल इंजिन असते. आता त्याच्या जागी विजेची मोटर बसवणारेही बरेच आहेत. कल्पना तशी जुनीच. मॉरित्स याकोबी यांनी 1838 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर विद्युतघटांच्या जोरावर होडी चालवून दाखवली होती.

मोटर किती अश्वशक्तीची घ्यावी, असे नाविक प्रथम विचारतो. आमच्या मते त्याआधी विचारायला हवे, की जायचे किती वेगाने?

पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणून ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. समजा, आपल्या होडीला 4 नॉट वेगाला (ताशी सुमारे 7.4 किलोमीटर) 2 किलोवॅट लागतात आणि बॅटरीत वापरण्याजोगी 10 किलोवॅट-तास ऊर्जा आहे. मग होडी 5 तासांत 20 सागरी मैल जाईल. वेग 3 नॉट केला, तर 0.84 किलोवॅट पुरतात आणि पल्ला सुमारे 36 मैल होतो. उलट 6 नॉटला पावणेसात किलोवॅट लागून पल्ला जेमतेम 9 मैल उरतो.

प्रत्यक्षात 6 नॉटला याहूनही जास्त शक्ती लागते. होडी चालताना स्वतःच लाट उठवते आणि वेगाबरोबर त्या लाटेची लांबी वाढते. 9 मीटर लांबीची लाट खोल पाण्यात सुमारे 7.3 नॉट वेगाने धावते. पाण्यात बुडालेला भाग 9 मीटर लांब असेल, तर या वेगाला एक शेंडा नाळेशी, दुसरा मागच्या टोकाशी आणि होडी मधल्या खळग्यात, अशी स्थिती येते. पुढे जायचे तर आपल्याच लाटेची चढण चढायची! एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्राउड यांनी होड्यांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून या विरोधाचे नियम शोधले.

आता इंधनाकडे पाहू. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 किलोवॅट-तास ऊर्जा असते. लहान इंजिन त्यातली पाव ते तीस टक्केच पंख्याच्या दांड्यापर्यंत पोचवते. विजेची मोटर 85-90 टक्के पोचवते. तरीही आपली 10 किलोवॅट-तासांची, साधारण 70 किलो वजनाची लिथियम बॅटरी म्हणजे फार तर साडेतीन लिटर डिझेल. एवढ्यावर समुद्र ओलांडता येत नाही. ते काम शिडाचे.

मग कार्यक्षमता मिळवायची कुठे? पंख्यात. पंखा पाणी मागे ढकलतो. रेटा हा दर सेकंदाला ढकललेले पाणी गुणिले त्याला दिलेला वेग यावर ठरतो. पाण्यात वाया जाणारी ऊर्जा मात्र त्या वेगाच्या वर्गावर. दुप्पट पाणी निम्म्या वेगाने ढकलले, तर रेटा तोच आणि नुकसान निम्मे. म्हणून मोठा, संथ फिरणारा पंखा चांगला. विजेची मोटर कमी फेऱ्यांतही भरपूर पीळ देते, त्यामुळे असा पंखा तिला फिरवता येतो. 'विजेची एक अश्वशक्ती डिझेलच्या तीनांएवढी' असे विक्रेते सांगतात, त्यात सत्याचा अंश एवढाच. किलोवॅट तो किलोवॅटच.

शिडावर चालताना मात्र हाच मोठा पंखा पाण्यात अडतो. मिटणारा पंखा ही अडचण दूर करतो. न मिटणारा पंखा घेतला, तर वाहत्या पाण्याने तो फिरून मोटर जनित्रासारखी चालते व बॅटरी भरते. पण तेथेही घनाचा नियम आहे. 6 नॉटला जेवढी वीज मिळते, तिच्या आठवा हिस्साच 3 नॉटला. लांबच्या सफरीत हे परवडते, रविवारच्या फेरफटक्याला नाही.

आणि समोरून प्रवाह असेल तर? 3 नॉटच्या ओहोटीविरुद्ध 3 नॉटने चालणारी होडी जागची हलत नाही. 'हळू चला, वाचवा' हा हिशेब तेथे फसतो. प्रवाह u आणि पाण्यातला वेग v असेल, तर मैलामागे खर्च v³/(v−u) च्या प्रमाणात होतो. बारावीच्या विद्यार्थ्यांना याचे न्यूनतम मूल्य काढायला सांगा: v = 1.5u असे उत्तर येते. 2 नॉटच्या प्रवाहाविरुद्ध 3 नॉट वेग ठेवला, तर आपली होडी सुमारे 12 मैल जाते. 4 नॉट ठेवला तर 10. अडीच ठेवला तरी 10च. बॅटरी केवढी घ्यावी हे या आकड्यांवरून ठरवावे, शांत पाण्यातल्या 36 मैलांवरून नव्हे. नाहीतर कोकणातल्या खाडीत शिडाच्या होड्या करीत तेच करावे: पाणी फिरेपर्यंत नांगर टाकून बसावे.