नवे कुत्रे, नवे घर : शी-शूची सवय लावताना

घरात कुत्रे आणण्याचा निर्णय बहुधा मुलांच्या हट्टातून होतो आणि फरशी पुसण्याचे काम बहुधा आईच्या वाट्याला येते. पहिला आठवडा कौतुकात सरतो. दुसऱ्या आठवड्यात देवघरासमोर ओल दिसते, तिसऱ्यात आजींचा पाय घसरता घसरता वाचतो, आणि महिना भरण्याच्या आत घरात एकच प्रश्न घोळू लागतो : ‘हे ठेवायचे, की परत द्यायचे?’ आपल्या घरीही हा प्रश्न निघाला असेल, तर उत्तर देण्यापूर्वी पुढील काही गोष्टींचा विचार जरूर करावा.

कोल्हापूरच्या उत्तरेस, पंचगंगेच्या काठी वसलेल्या कसबा बावड्याचे उदाहरण घेऊ. राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थान आणि राजाराम साखर कारखाना यांमुळे हे नाव सर्वपरिचित आहे. येथे आजही दोन प्रकारची घरे शेजारी शेजारी दिसतात. एक जुने : पुढे सोपा, मागे परसदार, कडेला म्हशींचा गोठा आणि पलीकडे उसाचे रान. दुसरे नवे : तिसऱ्या मजल्यावरची सदनिका, गुळगुळीत फरशी आणि सदैव बंद असलेले दार. जुन्या घरातील कुत्रे दारात बसे आणि गरज भासली की आपण होऊन बांधावर जाई. त्यामुळे ‘आमच्या कुत्र्याला कधी काही शिकवावे लागले नाही’ असे वडीलधारी माणसे सांगतात, ते खरेच असते. पण त्या कुत्र्याला दार उघडे होते. सदनिकेतील पिल्लाला ते नाही. ज्याच्या हाती दाराची कडी नाही, त्याने वेळेवर बाहेर जावे ही अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. ती जबाबदारी कडी ज्याच्या हाती आहे त्याची.

पिल्लाचे वय आणि मूत्राशय

2003 साली ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा पग भारतभर पाहिला गेला आणि ही जात घरोघरी पोहोचली. आकाराने लहान, स्वभावाने लाघवी, मुलांशी मिळूनमिसळून वागणारे असे हे कुत्रे आहे. मात्र लहान शरीराचे मूत्राशयही लहानच असते. ढोबळ हिशेब असा, की पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवला म्हणजे दिवसा ते साधारण तितके तास धरू शकते. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास ही कमाल मर्यादा झाली. जागे असताना आणि खेळताना त्याला त्याहून कितीतरी लवकर जावे लागते.

म्हणून वेळा ठरवून घ्याव्यात. झोपेतून उठल्याबरोबर, खेळ संपल्यावर, पाणी प्यायल्यावर आणि जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांच्या आत त्याला ठरलेल्या जागी न्यावे. पोटात अन्न गेले की आतड्यांची हालचाल वाढते. तान्ह्या बाळात दिसणारी हीच क्रिया पिल्लातही घडते. जेवणाच्या वेळा निश्चित असल्या की शीच्या वेळाही निश्चित होत जातात. भांड्यात दिवसभर खाद्य भरून ठेवले तर हा हिशेब लागत नाही. पाणी मात्र कधीही तोडू नये. रात्री एकदा उठावे लागेल. त्या वेळी दिवा मंद ठेवावा, खेळ करू नये, काम झाले की परत झोपवावे.

जागा एकच असावी आणि शब्दही एकच असावा. आजोबा ‘चल बाहेर’ म्हणतात, मुलगी ‘शू कर’ म्हणते आणि बाबा नुसती टाळी वाजवतात, अशा घरात पिल्लाचा गोंधळ उडतो. योग्य जागी काम झाले की त्याच क्षणी, तेथेच, कौतुकाचा शब्द आणि खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. घरात येऊन दिलेला खाऊ त्याच्या लेखी घरात आल्याबद्दलचा असतो. स्वयंपाकघरातील कालनिर्णयच्या चौकटीत कोण, केव्हा घेऊन गेले याची नोंद ठेवली, तर आठवड्याभरात पिल्लाच्या वेळा आपोआप समोर येतात.

येथे एक अडचण उभी राहते. सवय लावण्याचे वय आणि लसीकरणाचे वय एकच आहे. लसींची पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, पिल्लाला पार्व्होसारख्या प्राणघातक आजाराचा धोका असतो आणि त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. या काळात अनोळखी कुत्री येतात अशी गल्ली किंवा मैदान टाळावे. गच्ची, बाल्कनी किंवा घरचे बंदिस्त अंगण येथे मातीचा वा वर्तमानपत्राचा ट्रे ठेवून सुरुवात करावी आणि पुढे ती सवय बाहेरच्या जागेकडे न्यावी.

रागाने काय शिकवले जाते

फरशीवर झाले की पिल्लाचे नाक त्यात घासावे, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो निरुपयोगी तर आहेच, पगच्या बाबतीत घातकही आहे. या जातीचे डोळे खोबणीतून पुढे आलेले असतात; चेहरा दाबला वा मान आवळली गेली तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. शिवाय काही मिनिटांपूर्वीचे कृत्य आणि आताची शिक्षा यांचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. त्याला एवढेच उमगते, की माणसांसमोर शू करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली, पडद्यामागे जाऊन करू लागते आणि आपण समजतो, ते लबाड झाले. कान पाडून खाली पाहणारे कुत्रे अपराध कबूल करत नसते. ते आपल्या चढलेल्या आवाजाला घाबरलेले असते.

करताना दिसलेच, तर हलकेच हाक मारून उचलावे आणि जागेवर न्यावे. नंतर दिसले तर मुकाट्याने पुसावे. पुसताना अमोनिया असलेले द्रव्य वापरू नये. त्याचा वास मूत्रासारखाच असल्याने कुत्रे तेथेच परत येते. फिनेलही टाळावे, पायाला लागलेले फिनेल चाटल्यास पिल्लाला विषबाधा होऊ शकते. एन्झाइमयुक्त क्लीनर सर्वांत चांगला. तो नसल्यास साबणाच्या पाण्याने धुऊन, पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसावे.

दत्तक आलेले मोठे कुत्रे

रस्त्यावरून वा आश्रयस्थानातून आलेल्या कुत्र्याचा प्रश्न निराळा असतो. त्याला धरता येते, पण कोठे सोडायचे हे ठाऊक नसते. मातीवर वाढलेल्या गावठी कुत्र्याला फरशी परकी वाटते, म्हणून घरात ते स्वच्छ राहण्याचीही शक्यता असते. याउलट पैदाशीच्या पिंजऱ्यात दिवस काढलेले कुत्रे झोपायच्या जागीच शू करायला शिकलेले असते. स्वच्छतेची उपजत ओढ तेथे मारली गेलेली असते. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. त्या वयापर्यंत आईजवळ आणि स्वच्छ जागेत वाढलेले पिल्लू लवकर शिकते, हे खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दत्तक कुत्र्याला पहिल्या दिवसापासून पिल्लासारखेच वेळापत्रक द्यावे. तीन दिवस भांबावण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे आणि तीन महिने घर आपले वाटण्याचे, हा अनुभवी लोकांचा हिशेब बहुतेकांना लागू पडतो. पाहुणे आल्यावर वा कोणी अंगावर वाकल्यावर थेंब थेंब सुटत असेल, तर ती भीती किंवा अत्यानंद समजावा. अशा वेळी न रागावता, बाजूला बसून, शांत आवाजात बोलावे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा कोल्हापूरकरांच्या धीराच्या परीक्षेचा काळ. पंचगंगा फुगते, बावडा-शिये रस्ता पाण्याखाली जातो आणि घरातले कुत्रे उंबऱ्यावर पाय रोवून उभे राहते. पगला भिजणे विशेष नावडते. छपराखालची एक कोरडी जागा उन्हाळ्यातच ठरवून ठेवावी आणि छत्री धरून का होईना, वेळ चुकवू नये. उन्हाळ्यात याच्या उलट काळजी घ्यावी : चपट्या नाकामुळे पगला उष्णता सोसत नाही, म्हणून सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच बाहेर न्यावे. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा.

साचलेल्या पाण्याचा आणखी एक धोका आहे. लेप्टोस्पायरोसिस हा आजार बाधित जनावरांच्या मूत्रातून पसरतो आणि माणसालाही होतो. कुत्र्याला त्याची लस टोचून घ्यावी आणि मूत्र पुसताना हातमोजे घालावेत. शीमधून गोलकृमींची अंडी पडतात, पण ती संसर्गक्षम व्हायला दोन आठवडे वा अधिक काळ लागतो. शी रोजच्या रोज उचलली, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जंतनाशक दिले आणि मुलांना हात धुण्याची सवय लावली, तर ही साखळी सहज तुटते. बाहेरची शीही उचलावी. शेजारणीने पहाटे घातलेल्या सडा-रांगोळीवर आपल्या कुत्र्याने पाय वर केला, तर दोष त्याच्या नावावर जात नाही, आपल्या नावावर जातो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

सवय लागलेले कुत्रे अचानक घरात करू लागले, वारंवार थोडी थोडी शू होऊ लागली, कुंथावे लागले, रक्त दिसले किंवा तहान फार वाढली, तर ती बेशिस्त मानू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काहीही असू शकते. शू पूर्ण थांबली असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे.

लहान जातीची पिल्ले पूर्णपणे शिकायला सहा महिने, काही वेळा वर्षही घेतात. मधे चार दिवस बिघडतात, पुन्हा सुधारतात. या काळात कंटाळून कुत्र्याला नदीकाठी वा बाजारात सोडून देणाऱ्यांनी जाणावे, की उपासमार ओढवेल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि पगसारखे कुत्रे रस्त्यावर फार दिवस जगत नाही. सांभाळणे खरोखरच अशक्य असेल, तर त्याच्यासाठी दुसरे घर शोधून द्यावे.

आज रात्री घरातील सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसावे आणि उद्याच्या फेऱ्या आपसांत वाटून घ्याव्यात. पहाटेची कोणाची, शाळेतून आल्यावरची कोणाची, झोपण्यापूर्वीची कोणाची, हे कॅलेंडरवर लिहावे. हट्ट मुलांनी धरला होता, तर एक फेरी त्यांच्या नावावर अवश्य असावी.