चिलापीच्या तोंडात काय दडलंय?

उजनीच्या काठी, भिगवण-इंदापूरकडे कधी जेवला असाल तर चिलापी ताटात आलीच असेल. चिलापी म्हणजे तिलापिया. हे एकाच माशाचं नाव नाही, त्यात बऱ्याच जाती येतात. आज बोलूया मोझांबिक तिलापियाबद्दल. भारतात तो १९५२ साली आणला गेला. मूळ घर आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडच्या नद्या, झांबेझीचा खालचा भाग वगैरे.

ओळखायचा कसा? अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, पाठीवर एकच लांब पर. त्याचा पुढचा भाग काटेरी, साफ करताना हाताला टोचतो तो हाच. मादी करडी-रुपेरी, अंगावर पुसट काळे डाग. नर मात्र विणीच्या दिवसांत काळाकुट्ट होतो. गळा पांढरा, पाठीच्या पराला आणि शेपटीला लाल कड. एकदम नवरदेव! शेपटीवर ठळक उभे पट्टे दिसले तर तो बहुतेक नाईल तिलापिया, म्हणजे याचा चुलतभाऊ.

आता खरी गंमत. नर उथळ पाण्यात तळाचा गाळ तोंडानं उचलून गोल खड्डा करतो. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. नराचं काम तिथेच संपतं, तो दुसरीच्या मागे. अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात, पण पिल्लं पुढेही आईच्या तोंडातच राहतात. या काळात ती जवळपास उपाशी असते. पिल्लं बाहेर फिरू लागली तरी धोका दिसला की सगळी पुन्हा आईच्या तोंडात!

म्हणूनच पिल्लं जास्त वाचतात. त्यात खायला शेवाळ, किडे, कुजका पाला, दुसऱ्यांची अंडी, काहीही चालतं. खारं पाणीही सोसतं. मग तळ्यात गर्दी होते, मासे खुरटतात, बोटभर असतानाच विणायला लागतात. मत्स्यशेतीत फक्त नर वाढवतात, त्याचं एक मोठं कारण हेच. आणि स्थानिक माशांच्या जागेवर, खाण्यावर ताण येतो तो वेगळाच. जगातल्या सर्वात त्रासदायक शंभर उपऱ्या जातींच्या यादीत याचं नाव आहे.

पण मंडळी, आफ्रिकेतल्या स्वतःच्या घरी हाच मासा धोक्यात आहे. मत्स्यशेतीसाठी आणलेला नाईल तिलापिया तिथल्या नद्यांत सुटला. लिंपोपो नदीत दोघांचा संकर होतोय, आणि अस्सल मोझांबिक तिलापिया तिथे कमी होत चाललाय.