जीवाणुभक्षक आणि गोदावरीचे पाणी

सिंहस्थात रामकुंडावर लक्षावधी भाविक स्नानास जमतात, तेव्हा वाहत्या पाण्याला दोष लागत नाही ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आणि पटकीच्या भयाने सरकारने केलेला आरोग्याचा बंदोबस्त ही दोन्ही त्या घाटावर एकाच वेळी हजर असतात. श्रद्धेच्या बाजूने अलीकडे एक शास्त्रीय साक्षीदार पुढे केला जातो, तो म्हणजे जीवाणूंना मारणारा विषाणू, जीवाणुभक्षक. त्याची साक्ष तपासण्याजोगी खचितच आहे.

1896 मध्ये आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात असे नमूद केले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात आणि तेच पाणी उकळले असता हा गुण नाहीसा होतो. हँकिन यांनी स्वतः याचे श्रेय एका बाष्पनशील द्रव्याला दिले होते, हे त्यांचे नाव घेणारे बहुधा विसरतात. भक्षकाची खरी ओळख पटली ती 1915 मध्ये ट्वॉर्ट व 1917 मध्ये देरेल यांच्या संशोधनाने. हेच देरेल 1927 मध्ये हिंदुस्थानात आले आणि पटकीवर भक्षकाचा इलाज त्यांनी येथे करून पाहिला.

सर्वांत अधिक अभ्यासलेला भक्षक टी-4 हा आपल्या आतड्यातील ई. कोलाय जीवाणूवर जगतो. मस्तकात डीएनए, खाली आकुंचन पावणारे पुच्छ आणि पुच्छाच्या तळाशी सहा लांब तंतू, अशी त्याची रचना. जीवाणूच्या पृष्ठावरील ठरावीक रेणूंची ओळख तंतूंना पटल्यावाचून पुढचे काहीच घडत नाही, आणि म्हणूनच एका जातीच्या जीवाणूचा भक्षक दुसऱ्या जातीला सहसा निरुपद्रवी असतो. ओळख पटली की पुच्छाचे आवरण आखडते, आतली नळी भित्तिकेत शिरते आणि डीएनए पेशीत उतरतो. प्रथिनांचे कवच बाहेरच राहते, हे हर्शी आणि चेस यांनी 1952 मध्ये दाखविले. त्यानंतर पेशीचा सारा कारभार परक्या अंमलाखाली जातो: तिचा स्वतःचा डीएनए मोडून काढला जातो, तिच्याच सामग्रीतून नवे भक्षक घडतात आणि सुमारे अर्ध्या तासात भित्तिका फुटून ते शंभराहून अधिक संख्येने बाहेर पडतात. जीवाणूही निमूट शरण जात नाही. तो पृष्ठावरील रेणू बदलतो आणि आत आलेला डीएनए छाटणारी विकरे बाळगतो.

परंतु सर्वच भक्षक मारक नसतात. रोग्याच्या देहातील पाणी ओसरविणारे पटकीचे विष कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये सिद्ध केले. त्या विषाचे जनुक पटकीच्या जंतूला एका तंतुमय भक्षकाकडून मिळते, हे वाल्डोर आणि मेकॅलॅनोस यांनी 1996 मध्ये दाखविले. हा भक्षक यजमानाला न मारता त्याच्या गुणसूत्रातच कायमचा वस्तीला राहतो. ज्याला आपण तारक म्हणून पुढे करतो, त्याच्याच एका भाईबंदाने पटकीला तिचे शस्त्र पुरविले आहे.

शिवाय भक्षकाची वाढ होते ती केवळ जिवंत यजमानाच्या पेशीत. जेथे तो विपुल, तेथे यजमान जीवाणूही विपुल होता असेच समजावे. आतड्यातील जीवाणूंचे भक्षक पाण्यात मैला मिसळल्याची खूण म्हणून प्रयोगशाळांत मोजले जातात, ते याच कारणाने. तेव्हा गोदावरीच्या पाण्यात असे भक्षक आढळले, तर ती तिच्या शुद्धतेची ग्वाही नसून सांडपाण्याविरुद्धची फिर्याद मानावी लागेल. सिंहस्थाला येणाऱ्याने स्नान नदीत करावे. पिण्यासाठी मात्र उकळलेले किंवा क्लोरीन घातलेले पाणीच घ्यावे.